सीट बदलूनही दुखणं थांबेना: एका सायकलस्वार स्त्रीचं प्रकरण

सायकल ती चालवणाऱ्याच्या अंगाला बसेल अशी करून देण्याचं, म्हणजे बाइक फिटिंगचं काम मी करते. स्त्रियांच्या सीटच्या तक्रारी माझ्याकडे नेहमीच येतात. त्यांतलं हे एक प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण एरवी सुटे सुटे दिसणारे बहुतेक धागे यात एकाच ठिकाणी गुंतलेले होते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची संमती आहे, किंबहुना आग्रहच आहे.

पार्श्वभूमी

मीनाक्षीताई ४६ वर्षांच्या. दिवसभर खुर्चीत बसून काम. दोन मुलं, दुसऱ्या बाळंतपणात टाके पडलेले. सरळ हँडलच्या सायकलवर त्या दोनेक वर्षं सुट्टीच्या दिवशी पंचवीस-तीस किलोमीटर जात होत्या आणि सीटबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती. मग त्यांच्या गटाने २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेचा, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीचा, बेत केला. या अंतराला साडेतेरा तासांची मुदत असते. तेवढा वेळ वेग टिकावा म्हणून त्यांनी वळलेल्या हँडलची रोड बाइक घेतली आणि तिथून दुखणं सुरू झालं.

पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवावं: बाई तीच, शरीर तेच, चालवण्याची हौसही तीच. बदलली होती ती बसण्याची ढब.

अडचण

नव्या सायकलवर चाळीसेक मिनिटं झाली की पुढच्या नाजूक भागाला मुंग्या येत, मग तो भाग बधिर होई. दीड तासानंतर आग होऊ लागे. घरी आल्यावर लघवीला चुरचुर, आणि दुसऱ्या दिवशी योनीमुखाचा डावा ओठ सुजलेला. सूज उतरायला दोन-तीन दिवस लागत. लघवीची धास्ती बसल्यामुळे त्यांनी सायकल चालवताना पाणी पिणंच कमी केलं होतं. त्याने लघवी अधिक गडद, अधिक तीव्र होते आणि सोललेल्या त्वचेवर ती जास्तच झोंबते.

हे सगळं त्यांनी कोणालाच असं सांगितलं नव्हतं. गटात सांगितलं ते एवढंच, की 'बसायला त्रास होतो'. त्यावर उत्तरं आली तीही तेवढीच मोघम. सवय होईल. सुरुवातीला सगळ्यांनाच होतं. मऊ सीट घ्या. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, माझं वजनच जास्त असेल का हो? मला सायकल झेपत नाही असं वाटायला लागलंय."

वजनाचा इथे काही संबंध नव्हता आणि ते मी त्यांना त्याच क्षणी सांगितलं. दुखण्याचं खापर बाईने स्वतःच्या शरीरावर फोडायचं, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की त्याची चीड येते.

आधी झालेले उपाय

माझ्याकडे येण्यापूर्वी चार बदल झालेले होते. मूळची सीट काढून १८५ मिलिमीटर रुंदीची, जेल भरलेली, 'लेडीज' म्हणून मिळणारी सीट बसवली होती. तीही दुखते म्हणून घरच्यांनी वरून जेलचं कव्हर चढवलं होतं. पुढे दाब येतो म्हणून सीटचं टोक चांगलंच खाली झुकवलं होतं. आणि पॅडेड शॉर्ट्स घेतली होती, पण ती आत नेहमीची सुती चड्डी घालून.

चारही उपाय समजुतीचेच वाटतात. म्हणूनच ते का फसले ते नीट पाहायला हवं.

आपण बसतो ते ओटीपोटाच्या सांगाड्याच्या तळाशी असलेल्या दोन हाडांवर. त्यांना बैठकीची हाडं म्हणू. सायकलवर शरीराचा भार घ्यायचा तो या हाडांनी. त्यांच्यावर स्नायू आणि चरबीचा थर असतो आणि दाब सोसण्याची त्यांची तयारी असते. त्यांच्या मधल्या आणि पुढच्या जागेत मात्र नसा, रक्तवाहिन्या आणि मऊ ऊती असतात. तिथे भार पडला की मुंग्या, बधिरपणा, सूज हे ओघाने आलं. सीट फार मऊ असेल तर हाडं तिच्यात रुततात आणि जेल मधोमध वर उचललं जातं. म्हणजे जिथे दाब नको तिथेच ते वर येऊन टेकतं. हाताने दाबून पाहिलं तर अशी सीट सुखाची वाटते, आणि दुकानात सगळेजण हातानेच दाबून पाहतात. वरचं कव्हर म्हणजे त्याच रोगावर त्याच औषधाची दुप्पट मात्रा.

रुंदीचं वेगळंच. पाठ ताठ ठेवून बसलं तर १८५ मिलिमीटर चालून जातात. पुढे झुकून पेडल मारताना मात्र सीटची ती रुंद बाजू मांडीच्या आतल्या अंगाला प्रत्येक फेऱ्यात घासते. मांडीला काचू नये म्हणून बाई नकळत पुढे सरकते आणि सीटच्या निमुळत्या टोकावर येऊन बसते. त्यात ते टोक खाली झुकवलेलं. मीनाक्षीताई सतत घसरत होत्या आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत होत्या. तळहातांना मुंग्या येतात ही त्यांची दुसरी तक्रार होती, आणि ती त्या वेगळी समजत होत्या.

पहिला निर्णय: सायकलला हात लावण्याआधी डॉक्टर

सूज एकाच बाजूला येत होती आणि परत परत येत होती. अशा वेळी मी फिटिंग सुरू करत नाही, आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवते. मीनाक्षीताईंना ते आवडलं नाही. "सायकलच्या सीटसाठी डॉक्टरकडे काय जायचं? हसतील मला," असं त्या म्हणाल्या.

हसण्यासारखं त्यात काही नाही. २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी सहा स्पर्धक स्त्रियांची नोंद छापली होती. सहाही जणींना वर्षानुवर्षं दर आठवड्याला शेकडो किलोमीटर सायकल चालवून योनीमुखाच्या एकाच बाजूला कायमची सूज आली होती. ब्रिटनची पॅरासायकलपटू हॅना डाइन्स हिने २०१९ मध्ये स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की सीटच्या दाबाने आलेली सूज काढायला तिला शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अर्थात मीनाक्षीताईंची गोष्ट तिथवर गेलेली नव्हती. पण गाठ, पू धरलेला फोड किंवा आठवडाभरात न उतरणारी सूज यांचं उत्तर सीटमध्ये शोधत बसणं धोक्याचं असतं.

डॉक्टरांनी जंतुसंसर्ग आणि गाठ दोन्ही नाहीत याची खात्री केली. शिवाय एक गोष्ट सांगितली जी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हती: पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होऊ लागतं, तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, आणि वीस वर्षांपूर्वी जे घर्षण जाणवलंही नसतं ते आता सोलून काढू शकतं. त्यावरचे उपचार त्यांनी सुरू केले. ते त्यांचं क्षेत्र असल्याने मी इथे त्याच्या खोलात जात नाही.

दुसरा निर्णय: दुखतं ते नेमकं कुठे

माझ्याकडे एक साधं चित्र असतं, खालून पाहिल्यावर दिसेल तसं. त्यावर बैठकीची हाडं, मांडीची घडी, योनीमुख, पुढचं जांघेतलं हाड, टाक्यांची जागा असं सगळं आखलेलं. मी तो कागद आणि पेन्सिल हातात देते आणि त्यांच्याकडे पाठ फिरवून बसते. तोंडाने सांगायला जे जड जातं ते बायका कागदावर पटकन दाखवतात. ठणका असेल तिथे फुली, चुरचुर असेल तिथे रेघा, बधिरपणा असेल तिथे गोल.

मीनाक्षीताईंच्या कागदावर पुढे मोठा गोल होता, डावीकडे रेघा होत्या, मांडीच्या दोन्ही घड्यांत थोड्या रेघा होत्या. बैठकीच्या हाडांवर एकही खूण नव्हती.

सगळ्या प्रकरणाचं वळण इथे आहे. दीड तास सायकल चालवून बैठकीची हाडं जराही दुखत नसतील तर भार त्यांच्यावर पडतच नाही. मग आणखी मऊ सीट, आणखी जाड पॅड यांचा उपयोग शून्य. प्रश्न मऊपणाचा उरत नाही. भार हाडांवर परत कसा आणायचा, हा होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय त्यांच्या मनातच होता: रोड बाइक विकून जुन्या सायकलवर परत जायचं. तो मी उडवून लावला नाही. ताठ बसल्यावर त्रास नसेल तर तसं बसणं हे काही कमीपणाचं नाही. पण त्यांना २०० किलोमीटर करायचे होते, आणि उरलेले पर्याय तपासलेलेच नव्हते.

दुसरा, पुढचं टोकच नसलेली सीट. तिने पुढचा दाब जातो हे खरं. पण आपण टोकाला मांड्यांनी हलकेच धरून सायकल सावरत असतो. तो आधार गेला की भार हातांवर येतो. त्यांचे तळहात आधीच बधिर होत होते. हा पर्याय शेवटसाठी राखून ठेवला.

तिसरा, लगेच दुसरी सीट घ्यायची. सर्वांत मोहाचा पर्याय हाच होता, कारण त्यात काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी थांबायला सांगितलं. सीटची उंची, तिचा कल, हँडलपर्यंतचं अंतर यांत गडबड असेल तर चांगली सीटही वाईट ठरते, आणि मग नाहक तिच्यावर फुली बसते.

चौथा, कपडे आणि सायकलची मापं आधी नीट करायची, मग उरलेल्या त्रासावरून सीट निवडायची. हा रस्ता लांबचा, पण आम्ही तोच धरला. एक अटही घातली: एका वेळी एकच बदल, आणि त्यानंतर निदान दोनदा तासाभराची फेरी. प्रत्येक फेरीनंतर तेच चित्र नव्या कागदावर.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सुरुवात शॉर्ट्सपासून, कारण त्याला काहीच लागत नाही. पॅडेड शॉर्ट्सच्या आत चड्डी घालायची नसते. चड्डीची शिवण नेमकी मांडीच्या घडीत येते, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड कातडीला काचतं. मीनाक्षीताईंना ते बरं दिसत नाही असं वाटत होतं. वरून सैल पँट घालायची मुभा आहे म्हटल्यावर तयार झाल्या. घरी आल्या आल्या शॉर्ट्स बदलायची, पाण्याने धुऊन कोरडं करायचं, आणि लांबच्या फेरीआधी घडीत वंगणासारखं क्रीम लावायचं, एवढंच वाढवलं. घड्यांतल्या रेघा पहिल्या फेरीतच पुसट झाल्या.

याच ओघात केस काढण्याचा विषय निघाला. बऱ्याच जणी सायकलसाठी म्हणून तिथले केस मुद्दाम काढतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकआधी ब्रिटनच्या संघाने खेळाडू मुलींच्या सीटच्या जखमांवर तज्ज्ञांची बैठक घेतली होती. तिथे मिळालेला सल्ला वस्तरा आणि वॅक्सिंग बंद करण्याचा होता. केस त्वचेचं घर्षणापासून रक्षण करतात, आणि ते काढल्यावर मुळाशी फोड येतात. मीनाक्षीताईंनीही ते बंद केलं.

मग उंची. मागून पाहिलं तेव्हा पेडल खाली जाताना त्यांची कंबर डावी-उजवीकडे डोलत होती. सीट जास्त उंच असल्याची ही सगळ्यांत उघड खूण. पाय पोचावा म्हणून कंबर प्रत्येक वेळी त्या बाजूला कलते आणि नाजूक भाग सीटवर करवतीसारखा पुढे-मागे घासला जातो. त्यांच्या पायाचं आतलं माप, म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंतचं, ७४ सेंटिमीटर होतं. ते ०.८८३ ने गुणलं की पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची अंदाजे मिळते, म्हणजे साधारण ६५ सेंटिमीटर. त्यांची सीट ६७.२ वर होती. हे सूत्र फक्त सुरुवातीला कामाचं. आम्ही थोडी थोडी करत ती ६५.८ वर आणली, जिथे पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा साधारण तीस अंशांत वाकत होता आणि कंबर स्थिर राहत होती. खाली आणताना त्यांना आधी वाटलं की जोर कमी पडतोय. आठवडाभरात ती भावना गेली.

त्यानंतर सीटचा कल. सीटवर एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आडवं ठेवायचं आणि त्यावर फोनमधलं पातळी दाखवणारं ॲप लावायचं. आधी अगदी सपाट केली, मग टोक एखाद-दुसरा अंश खाली. सपाट केल्यावर हातांच्या मुंग्या जवळजवळ गेल्या, पण पुढचा दाब वाढला. तो अपेक्षितच होता, कारण हँडल अजून खाली आणि लांब होतं. स्पर्धेत पुढे फार वाकून चालवणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी सायकलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये सीट नऊ अंशांपर्यंत झुकवायची परवानगी दिली. पण तो नियम त्या ढबीसाठी आहे. तासन् तास निवांत चालवणाऱ्या बाईने एवढा कल दिला तर ती घसरतच राहणार.

हँडलचा बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यांचं हँडल सीटपेक्षा पाच सेंटिमीटर खाली होतं. जितकं खाली आणि लांब, तितका ओटीपोटाचा सांगाडा पुढे कलतो आणि भार बैठकीच्या हाडांवरून पुढच्या मऊ भागावर सरकतो. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये सायकलपटू स्त्रियांवर नेमकं हेच मोजलं: हँडल सीटच्या खाली असेल तर पुढचा दाब जास्त आणि तिथली संवेदना कमी. आम्ही स्टेम, म्हणजे हँडल सायकलला जोडणारा तुकडा, उलटा करून वरच्या कोनात बसवला, वरची एक चकती खाली घेतली, आणि १०० मिलिमीटरच्या स्टेमऐवजी ८० चा लावला. हँडल जवळपास सीटच्या पातळीला आलं. त्या फेरीनंतरच्या कागदावर पुढचा गोल बोराएवढा उरला होता. अजूनही सीट तीच होती, फक्त वरचं जेल कव्हर आम्ही काढून टाकलं होतं.

सीटची निवड

आता सीट. बैठकीच्या हाडांमधलं अंतर घरीही मोजता येतं. पन्हळी पुठ्ठ्याचा तुकडा कडक स्टुलावर ठेवायचा, पातळ कपड्यांत त्यावर बसायचं, टाचा थोड्या उचलून सायकलवर वाकतो तितकं पुढे वाकायचं. पुठ्ठ्यात दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे आपलं माप. मीनाक्षीताईंचं १२२ मिलिमीटर आलं. मध्यम वाकून बसणाऱ्यांना त्यात वीस ते तीस मिलिमीटर मिळवावे लागतात, ताठ बसणाऱ्यांना जास्त, फार वाकणाऱ्यांना कमी. ताठ बसलं की हाडांचा मागचा, रुंद भाग टेकतो. वाकलं की पुढचा, जिथे दोन्ही बाजू जवळ येत जातात. म्हणूनच एका सायकलवर सुखाची असलेली सीट दुसरीवर छळू शकते.

स्त्रियांचा सांगाडा सरासरीने रुंद असतो, पण ती सरासरी. कितीतरी पुरुषांचं माप मीनाक्षीताईंपेक्षा मोठं निघेल. सीटवर 'लेडीज' लिहिलं आहे का, यापेक्षा तिची रुंदी मिलिमीटरमध्ये किती, हे विचारावं.

आम्ही दोन सीट परत करण्याच्या बोलीवर आणल्या. एक १४३ मिलिमीटरची, मधोमध मोठं भोक असलेली. दुसरी १५५ ची, भोकाऐवजी उथळ पन्हळ आणि त्यात मऊ फोम असलेली. दोन्हींची टोकं आखूड, दोन्ही आधीच्या जेल सीटपेक्षा बऱ्याच कडक.

सर्वसाधारण सल्ला असा, की बायकांनी मधे भोक असलेली सीट घ्यावी. कल्पना तशी नवी नाही. १८९० च्या दशकात स्त्रिया मोठ्या संख्येने सायकलवर बसू लागल्या तेव्हाच मधोमध फट असलेल्या 'आरोग्यदायी' सीट विकल्या जात होत्या. तेव्हाच्या चर्चेत बाईच्या वेदनेपेक्षा तिच्या चारित्र्याची काळजी अधिक होती, हे वाचताना आजही मन खट्टू होतं. भोक पुष्कळ जणींना लाभतं. मीनाक्षीताईंना ते लाभलं नाही. मधला दाब गेला, पण तोच भार भोकाच्या कडांवर गोळा झाला, मऊ भाग भोकात लोंबून कडेला चिमटला जाऊ लागला आणि डावीकडची सूज वाढली. भोक असलेल्या आणि अरुंद सीटमुळे स्त्रियांमध्ये दाब वाढल्याचं २०११ च्या एका अभ्यासातही दिसलं होतं. शरीराची ठेवण प्रत्येकीची वेगळी असते. ज्यांचे आतले ओठ मोठे असतात त्यांना कडेचा त्रास जास्त होतो. स्पेशलाइज्ड कंपनीने २०१८ मध्ये स्त्रियांसाठी मोकळ्या भोकाऐवजी तिथे वेगवेगळ्या मऊपणाचा फोम भरलेली सीट आणली, ती याच अडचणीवर.

१५५ ची सीट पहिल्या फेरीला त्यांना आवडली नाही. "कडक आहे, हाडं दुखली," त्या म्हणाल्या. मला ती बातमी चांगली वाटली आणि का ते मी त्यांना कागद दाखवून समजावलं: पहिल्यांदाच फुल्या बैठकीच्या हाडांवर आल्या होत्या आणि पुढचा गोल गेला होता. हाडांचा ठणका दोन-तीन आठवड्यांत सरावाने ओसरतो. बधिरपणा सरावाने जात नाही, जाऊ देऊही नये. 'सवय होईल' हा सल्ला पहिल्याला लागू पडतो, दुसऱ्याला कधीच नाही.

डावीकडची सूज

एवढं होऊनही डावी सूज पूर्ण थांबेना. कमी झाली, पण लांबच्या फेरीनंतर येतच राहिली.

जुन्या सीटचं कापड निरखून पाहिलं तेव्हा डावीकडचा भाग उजवीपेक्षा जास्त झिजलेला दिसला. म्हणजे त्या डावीकडे सरकून बसत होत्या. एक पाय आखूड असेल तर असं होतं, म्हणून फिजिओथेरपिस्टकडून पाय मोजून घेतले. दोन्ही सारखे. सीटचं टोक किंचित फिरवून पाहायचा पर्याय होता, काही जण तसं करतातही. कारण कळल्याशिवाय तो करायला मी तयार नव्हते.

कारण मीनाक्षीताईंनीच सांगितलं, तेही सहज बोलता बोलता. टाके उजव्या बाजूला होते आणि त्या जागी बसताना अजूनही कधी कधी ओढल्यासारखं होतं. इतकी वर्षं झाली, त्यामुळे ते सांगण्यासारखं आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं. उजवीकडचा व्रण वाचवण्यासाठी शरीर आपोआप डावीकडे कलत होतं आणि त्याचं मोल डावी बाजू मोजत होती.

ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने व्रण मोकळा करण्यासाठी मालिश आणि काही व्यायाम शिकवले. सायकलच्या बाजूने आम्ही एवढंच केलं, की दर दहा-पंधरा मिनिटांनी काही क्षण पेडलवर उभं राहायचं, म्हणजे रक्त फिरतं, आणि परत बसताना दोन्ही हाडं टेकली का ते मनाशी तपासायचं. यात घाई चालत नाही. फरक पडायला काही महिने लागले.

परिणाम

मीनाक्षीताईंनी २०० किलोमीटर मुदतीत पूर्ण केले. वाटेत बधिरपणा आला नाही. शेवटच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये बैठकीची हाडं चांगलीच दुखली, डावीकडे थोडी सूज आली आणि ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरली. पाणी त्या आता पोटभर पितात. पाळीच्या दिवसांत मात्र लांबची फेरी अजूनही टाळतात. पॅडच्या कडा घडीत काचतात, आणि कप वापरायला त्यांना अजून जमलेलं नाही.

ती १८५ मिलिमीटरची जेल सीट आता त्यांच्या जुन्या, सरळ हँडलच्या सायकलवर आहे. भाजी आणायला, जवळपास जायला तिथे ती अगदी छान चालते, कारण तिथे त्या ताठ बसतात.

पुन्हा करायचं झालं तर

टाक्यांचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा. त्या चित्रावर टाक्यांची जागा आखलेली आहे, पण तिथे आता दुखत नसेल तर कोणी खूण करत नाही. म्हणून चित्रासोबत आता थेट प्रश्नही असतात: बाळंतपणं किती, टाके कोणत्या बाजूला, पडझडीत माकडहाडाला कधी मार लागला का, पाळीची काय स्थिती. हे प्रश्न लेखी ठेवले की उत्तरं मिळतात.

हँडलचा बदल मी आता शॉर्ट्सच्या लगेच नंतर घेईन. सीटचा कल सपाट करून, हँडल मात्र तसंच ठेवल्याने मीनाक्षीताईंना मधल्या फेऱ्यांत पुढचा दाब विनाकारण सोसावा लागला. एका वेळी एकच बदल हा नियम चांगला, पण कल आणि हँडल हे जोडीनेच बदलायचे असतात.

सायकल विकताना मोजमाप झालं असतं तर यातलं निम्मं टळलं असतं. विकणाऱ्याने सीटची उंची बाईला उभं करून, नजरेने ठरवली होती. नवी सायकल घेणाऱ्या प्रत्येकीने निदान दोन गोष्टी तिथल्या तिथे पाहून घ्याव्यात. मागे कोणालातरी उभं करून कंबर डोलते का ते पाहायचं. आणि हँडल सीटच्या किती खाली आहे ते पाहायचं. पहिले काही महिने ते पातळीला किंवा वरच असू द्यावं. पाठ आणि मांड्यांच्या मागच्या शिरा मोकळ्या झाल्या की हळूहळू खाली आणता येतं.

डॉक्टरांकडे जायला त्यांना जो संकोच वाटला त्यावर माझ्याकडे अजून पुरेसा उपाय नाही. गटातल्या एखाद्या अनुभवी बाईने नव्या मुलींशी हे मोकळेपणाने बोललं तर फरक पडतो, एवढं दिसलं आहे. मीनाक्षीताई त्यांच्या गटात आता ते काम करतात. चित्राच्या कोऱ्या प्रती माझ्याकडून घेऊन जातात.

त्यांची सगळी मापं, म्हणजे सीटची उंची, कल, टोकापासून हँडलपर्यंतचं अंतर, एका कागदावर लिहून त्यांनी हत्यारांच्या पाकिटात ठेवली आहेत, आणि सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, उंचीच्या जागी चिकटपट्टीची खूण आहे. प्रवासासाठी सायकल खोलली की सीट परत बसवताना पाच-सात मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. पुढचा बेत ३०० किलोमीटरचा आहे, त्याला वीस तासांची मुदत असते. त्याआधी उजव्या व्रणाची एक तपासणी ठरली आहे, आणि तोपर्यंत आम्ही सायकलला हात लावणार नाही.